माझ्या मुलीनं शाळेतून गवताचा एक क्रॉस विणून आणलाय. आयर्लंडमध्ये फेब्रुवारीत सेंट ब्रिजिडची सुट्टी का असते? हा सण ख्रिस्ती की त्याआधीचा?

तुमच्या मुलीनं शाळेतून विणून आणलेला तो चार हातांचा गवती क्रॉस म्हणजे ब्रिजिडचा क्रॉस. सण ख्रिस्ती आहे, पण त्याची तारीख त्याहून जुनी आहे.

१ फेब्रुवारी हा जुन्या गेलिक, म्हणजे आयरिश लोकांच्या पारंपरिक, कालगणनेत वसंताचा पहिला दिवस, इम्बोल्क. मेंढ्यांना दूध उतरायचे हे दिवस. आयर्लंडमधल्या किल्डेअर गावी मठ उभारणाऱ्या संत ब्रिजिडचा स्मृतिदिनही हाच. तिचा मृत्यू इ.स. ५२५ च्या सुमाराचा मानतात. 'ब्रिजिड ही मुळात देवी, चर्चनं तिची संत केली' असं तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. इतकं सरळ ते मला पटत नाही. देवी ब्रिजिडची माहिती मिळते ती इ.स. ९०० च्या सुमाराच्या कॉर्मॅकच्या जुन्या आयरिश शब्दकोशात: दाग्दा या देवाची मुलगी, कवींची देवता, एक बहीण वैद्यकीची, दुसरी लोहारकामाची. कोजिटोसस या धर्मगुरूनं लिहिलेलं संत ब्रिजिडचं चरित्र मात्र सातव्या शतकातलं, म्हणजे त्याच्याही आधीचं. नाव एकच असल्यामुळे दोघी लोकांच्या मनात एकमेकींत मिसळल्या असणार. पण एकीची दुसरी 'बनवली' असं ठामपणे म्हणायला पुरावा कुठे आहे?

बाराव्या शतकात गेराल्ड ऑफ वेल्स हा लेखक किल्डेअरला येऊन गेला. तिथं एक अग्नी कायम तेवत असे. १९ जोगिणी एकेक रात्र तो राखत आणि विसाव्या रात्री 'ब्रिजिड, आज तुझी पाळी' म्हणून त्याला तसाच सोडत. सकाळी तो पेटलेलाच असे, असं त्यानं लिहून ठेवलंय. १९९३ मध्ये ब्रिजिडाइन सिस्टर्स या पंथाच्या जोगिणींनी किल्डेअरमध्ये ती ज्योत पुन्हा लावली.

पण माझ्या मते हा सण खरा टिकला तो घराघरांत. आदल्या संध्याकाळी, ३१ जानेवारीला, घरातली मुलगी लव्हाळ्याची मोळी घेऊन दाराबाहेर उभी राहायची. 'गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या,' असं तिनं म्हणायचं आणि आतल्यांनी 'ये, तुझं स्वागत आहे' असं उत्तर द्यायचं. मग लोणी घालून कुस्करलेल्या बटाट्यांचं जेवण, आणि जेवणानंतर सगळे क्रॉस विणायला बसत. लव्हाळे कापायचे नाहीत, उपटायचे, असा रिवाज. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवायची, पाव वळसा फिरवायचं, पुढची काडी दुमडून आधीच्या सगळ्यांवरून घ्यायची. मधला चौकोन अंगठ्यानं घट्ट दाबून ठेवला नाही तर सगळं सुटून हातात येतं. शेवटी चारही टोकं दोऱ्यानं बांधायची.

हा क्रॉस दारावर किंवा गोठ्यात लावत, घराला आग लागू नये आणि गुरं सुखरूप राहावीत म्हणून. ब्रिजिडनं एका मरणासन्न सरदाराच्या उशाशी बसून जमिनीवरच्या लव्हाळ्यांचा पहिला क्रॉस विणला, अशी गोष्ट मुलांना सांगतात. गोष्ट सुंदर आहे, पण कोजिटोससच्या चरित्रात ती नाही. तिथला चमत्कार वेगळाच: ब्रिजिड आपला भिजलेला झगा सूर्यकिरणावर वाळत घालते! मला तोच जास्त आवडतो.

३१ जानेवारीच्याच रात्री एक कापड बाहेर झुडपावर ठेवायचं, 'ब्रात ब्रीजे'. रात्री ब्रिजिड जाता जाता त्याला आशीर्वाद देते, आणि मग वर्षभर ते डोकेदुखीला, घशाला, व्यायला आलेल्या गाईला उपयोगी पडतं अशी श्रद्धा. केरी परगण्यात गवताच्या उंच टोप्या घालून वाजतगाजत घरोघरी फिरणारे 'बिडी बॉइज' अजून दिसतात. जमलं तर मुलीला घेऊन जरूर बघा.

सरकारी सुट्टी मात्र अगदी नवी, २०२३ पासूनची. स्त्रीच्या नावाची ही आयर्लंडमधली पहिलीच सार्वजनिक सुट्टी, आणि मला विचाराल तर ती फार उशिरा आली. ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते. १ तारीख शुक्रवारी आली तर त्या शुक्रवारीच. क्रॉस आतून दारावर लावा आणि पुढच्या वर्षी नवा विणेपर्यंत राहू द्या.