नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर घरकाम आणि मुलांचं कसं वाटून घ्यावं?

निम्मं-निम्मं मोजत बसू नका, अख्खं काम अंगावर घ्या. मासळी नवऱ्याकडे असेल तर बांगडे आणणं, साफ करणं, तिरफळं घालून कालवण आणि शेवटी विळी, ओटा घासून वास घालवणं, सगळं त्याचंच. नुसती पिशवी ओट्यावर टाकली की तिचं काम उलट वाढतं. मुलांचंही तेच. लसीच्या तारखेची तिला त्याला आठवण करून द्यावी लागू नये.

‘आमच्यात पुरुष चुलीशी जात नाहीत’ हे निदान कोकणात तरी सांगू नका. ट्रॉलरवर खलाशीच रांधतात. मुंबईच्या खोलीत स्वतः कुकर लावणारा चाकरमानी गणपतीला गावी आला की पडवीत बसून चहा मागतो! येत सगळं असतं, करायचं नसतं.

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात देशभरात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ८८.

केंद्र सरकारी नोकरी असेल तर पहिल्या दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती घ्या, पण बारशाच्या मंडपात घालवू नका. रात्री बाळाचे लंगोट बदलायला वापरा.