कारखान्यातलं दूषित पाणी आमच्या विहिरीकडे येतंय का, हे कसं शोधतात?

तुम्ही लिहिलंय की रंगांच्या कारखान्यामागे तुमची विहीर आहे, तिचं पाणी अलीकडे तांबूस येतं, आणि कारखान्याचं म्हणणं असं की जमिनीचा उतार पलीकडच्या ओढ्याकडे आहे, तेव्हा त्यांचा संबंध नाही. मी भूजलाचंच काम करतो. एवढ्या कारणावरून संबंध नाकारता येत नाही.

जमिनीखालचं पाणी वाहतं ते पाणीपातळीच्या उताराने. हा उतार पुष्कळदा जमिनीसारखाच असतो, पण नेहमी नाही. तो काढायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. प्रत्येकीत काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजायचं, काठाची उंची एकाच पक्क्या खुणेपासून लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) लावून घ्यायची, आणि त्या उंचीतून खोली वजा करायची, म्हणजे पाणीपातळीची उंची मिळते. बरेच अहवाल नुसती खोली देतात. तिच्यावरून काहीच ठरत नाही. टेकाडावरच्या विहिरीत पाणी ८ मीटर खोल असलं, तरी ते खोलगटातल्या ३ मीटर खोल पाण्यापेक्षा उंच असू शकतं. मोबाइलच्या जीपीएसवरून काठाची उंची घेऊ नका. त्यात काही मीटरचा फरक पडतो, आणि इथे निकाल कधीकधी सेंटीमीटरांवर लागतो.

तिन्ही मोजमापं एकाच दिवशी हवीत, आणि आजूबाजूचे पंप काही तास बंद असताना. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत असेल तर सकाळचं माप फसवं ठरतं. नंतर पंप चालू असतानाही एकदा मोजा, कारण तुमच्या बाबतीत खरी गोम इथे असू शकते. उन्हाळ्यात तुमच्या बाजूला जोराचा उपसा असेल तर पातळी खाली जाते आणि कारखान्याखालचं पाणी तुमच्याकडे ओढलं जातं. पावसाळ्यात तेच पुन्हा ओढ्याकडे वळतं. म्हणून एकाच तारखेच्या नकाशावर विश्वास ठेवू नये. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. परिसराचा अंदाज यायला ते ठीक, पण दूषित जागेसाठी निदान दरमहा माप हवं, आणि एखाद्या विहिरीत तासातासाला पातळी नोंदवणारं यंत्र.

आता वेग. समजा २०० मीटर अंतरात पातळी २ मीटरने उतरते, म्हणजे उतार ०.०१. खडकाची पाणी वाहू देण्याची क्षमता दिवसाला १ मीटर धरू. या दोहोंचा गुणाकार करून पाणी वाहू देणाऱ्या पोकळीच्या प्रमाणाने भागायचं. गाळाच्या जमिनीत ही पोकळी २० टक्के धरली, तर वेग वर्षाला साधारण १८ मीटर येतो. भेगाळ कातळात ती २ टक्केच धरली, तर तोच वेग १८० मीटरवर जातो. ‘कातळ आहे, काही झिरपत नाही’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो तो यामुळे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरमातून, मांजऱ्या म्हणजे बारीक छिद्रांच्या खडकातून, दोन लाव्हाथरांमधल्या फटीतून धावतं, आणि एखादा डाईक, म्हणजे कातळात उभी घुसलेली खडकाची भिंत, आडवा आला तर अडतं किंवा त्याच्या कडेने भलतीकडे जातं. त्यामुळे तीन विहिरींचा त्रिकोण ही फक्त सुरुवात. उथळ आणि खोल थरांसाठी वेगवेगळ्या निरीक्षण विहिरी लागतात. सगळ्या थरांना छेदणारी एकच उघडी विंधण विहीर तर वरची घाण खाली पोचवते.

कारखाना बंद झाला म्हणून प्रवाह थांबत नाही. उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८८ मध्ये एच-ॲसिड हे रंगांसाठीचं रसायन बनू लागलं आणि १९८९ मध्ये थांबलं. तेवढ्यात उघड्यावर टाकलेला गाळ आणि सांडपाणी जमिनीत उतरलं. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने १९९४ मध्ये पाहणी केली, तेव्हाही विहिरी दूषितच होत्या. प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये याच प्रकरणात ठासून सांगितलं.

तुम्ही आधी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, कारण नुसत्या लोहानेही तांबूस रंग येतो. तोवर ते पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात कारखान्याच्या निरीक्षण विहिरींचा तक्ता मागा: काठाची उंची, चाळणीची (नळीतल्या पाणी आत घेणाऱ्या छिद्रांच्या भागाची) खोली, तारखेनिशी पाणीपातळी, आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला एक तरी विहीर आहे का. त्या विहिरीचं पाणी स्वच्छ आणि खालच्या अंगाचं खराब असेल, तर मुद्दा भक्कम होतो. क्लोराइडचे आकडे जरूर पाहा. ते मातीला फारसं चिकटत नाही, पाण्याबरोबर चालतं, म्हणून बहुधा इतर रसायनांच्या आधी पोचतं. मात्र ते सांडपाण्यातून आणि खतातूनही येतं. एकट्या क्लोराइडवर तक्रार उभी करू नका.

तक्ता मिळाला तर आकडे इथे टाका, प्रवाहाच्या रेषा मी काढून देईन.