परतीचं भाडं

कोल्हापूर, जूनचा पहिला आठवडा

पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा तुझी आई शेडवर आली होती. रिक्षा करून, भर दुपारी. मला वाटलं गाडीला काही झालं. तर वहिनी म्हणाल्या, "मिस्त्री, गाडी बरी आहे. पोरगी सात महिने गाडीतनं देश फिरून आली, येऊन बारा दिवस झाले, अजून दारातल्या गाडीतच झोपते. गाडी तुम्ही बांधलीय, आता तुम्हीच सांगा तिला." समोरासमोर बोलायला गेलो की मी पाटे नि बॅटरीवर घसरतो, म्हणून लिहितोय. अक्षर लावून घे.

पहिल्यांदा हे ऐक, की गाडीत झोपतेस यात काही बिघडलेलं नाही. मी स्वतः झोपलोय. शेड टाकायच्या आधी सात वर्षं मी लाईनवर, म्हणजे लांबच्या ट्रकवर होतो, 1984 पासून. शाहू मार्केट यार्डातनं गूळ भरायचा नि गुजरात गाठायचं. जाताना काही वाटायचं नाही. खरी परीक्षा माल उतरल्यावर. रिकामी गाडी आणायची नाही, म्हणून परतीचं भाडं मिळेपर्यंत ट्रान्सपोर्टच्या दारात पडून राहायचं. कधी चार दिवस, कधी आठ. भाडं मिळालं तरी ते भलतीकडचंच. असं करत पंचवीस दिवसांनी मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत यायचो, नि पहिल्या रात्री डोळा लागायचा नाही. खाट मऊ, छप्पर लांब, वर कसला आवाज नाही. एकदा उठून गुपचूप केबिनमध्ये जाऊन झोपलो. सकाळी बघतो तर फूटबोर्डवर पाण्याचा तांब्या, वर फुलपात्र पालथं. बायको रात्रीच ठेवून गेली होती. ती त्यावर कधी बोलली नाही, मीही नाही.

तुझ्या आईला मी हीच गोष्ट सांगितली. म्हटलं, झोपू दे. फक्त सकाळचा चहा गाडीतल्या स्टोव्हवर करू नको म्हणावं. हे तेवढं माझं ऐक. झोप कुठंही, पण चहाला स्वयंपाकघरात जा.

आता मिस्त्री म्हणून सांगतो. ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ओझ्याच्या हिशोबानं बसवलेले असतात. दहा टन माल असला की गाडी रस्त्यावर बसते, खड्डा आला तरी झुलत जाते. तीच गाडी रिकामी आण, प्रत्येक खड्ड्याला उडते, ड्रायव्हरचा मणका ढिला होतो. सात महिने तुझ्यावर सगळं ओझं होतं. आज पाणी कुठं भरायचं, रात्री गाडी कुठं लावायची, दार वाजवणारा माणूस कोण असेल, डिझेल पुढच्या पंपापर्यंत पुरेल का. त्या ओझ्याला तुझे पाटे बसले. आता घरात नळ उघडला की पाणी येतं, रात्री बाहेर चाहूल लागली तर ती शेजारची मांजर असते. म्हणून आईनं "कुठं निघालीस?" एवढं विचारलं तरी तुला हादरा बसतो. तिनं तर आयुष्यभर तेवढंच विचारलंय. पाटे आपोआप बसतात. वेळ लागतो, आणि तोवर वेग कमी ठेवायचा असतो.

भांड्यांचंही कळलं मला. साठ चौरस फुटांत राहून आलेल्या माणसाला घर म्हणजे भंगाराचं दुकान वाटतं. तुझ्याकडं दोन पातेली, एक कुकर नि एक तवा होता, त्यात तू सगळा देश फिरून आलीस, मान्य. पण तिच्या मांडणीवरची तीस भांडी काढायला निघालीस नि वर "एवढं कशाला लागतं?" म्हणालीस, हे चुकलंच. तिकडं हिमाचलात, काझाला भात शिजेना म्हणून फोन कुणाला केला होतास? साडेतीन हजार मीटरच्या वर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं, उघड्या पातेल्यात तांदूळ टणकच राहणार, हे मी तुला नंतर सांगितलं. त्याच्या आधी तुझ्या आईनं "अगं, कुकर लाव नि दोन शिट्ट्या जास्त घे" म्हणून काम भागवलं होतं. ती काझाला गेलेली नाही. भांडी तिची आहेत, राहू देत.

लोकांचं फार मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडं तीनच प्रश्न येणार: खर्च किती आला, भीती नाही वाटली का, आणि लग्नाचं काय. तिन्हींची एकेक ओळीची उत्तरं करून ठेव. तुझी सगळी गोष्ट ऐकायची कुणाला सवड नसते. कट्ट्यावरची पोरं "नाद खुळा" म्हणतील आणि पाचव्या मिनिटाला म्हशीवर नाहीतर फुटबॉलवर येतील. ते तुला कमी लेखत नाहीत, त्यांच्याकडंही सात महिन्यांचं साठलेलं आहे.

आणि एक गंमत सांगू? जाताना शेडच्या दारात "येतो मिस्त्री" म्हणाली होतीस, अस्सल कोल्हापुरी पोरीसारखी. परवा फोनवर म्हणालीस, "आले मी." सात महिने परक्या लोकांत वावरून जीभ सरळ झाली वाटतं. "आलो" म्हणायला लागलीस की समजेन, गाडी लागली एकदाची दाराला.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. वहिनींनी पिशवीतनं एक घडी काढून मला दाखवली. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची शेवटची दोन पानं नि त्याच्या मागं या वर्षीची पाच. बायका ज्या चौकटीत दुधाचा हिशोब लिहितात, तिथं तिनं रोज एक गाव लिहिलंय. भुज. खावडा, खावडा. जैसलमेर. पुढं रामपूर, कल्पा, नाको, काझा. अक्षर बारीक, एका चौकटीत मावेल एवढं. ज्या दिवशी तुझा फोन लागला नाही, तिथं नुसती आडवी रेघ. एप्रिलमध्ये सलग चार रेघा आहेत. पाचव्या चौकटीत गावाचं नाव नाही, "बोलली" एवढंच लिहिलंय. आणि कडेला दुधाचा हिशोबही आहे, सात महिने रोज अर्धा लिटर. एकटीला अर्धा लिटर दूध कशाला लागतं असं मी विचारलं नाही.

तुला ही पानं तिनं दाखवलेली नाहीत. तू मागितल्याशिवाय दाखवणार नाही. तू आल्यापासनं घरात तुझाच प्रवास चाललाय: फोटो, व्हिडिओ, नकाशा. एक दिवस फोन बाजूला ठेव नि आईला विचार, की त्या चार रेघांच्या दिवसांत तू काय केलंस? आणि मग मध्ये बोलू नकोस. मी हे सात वर्षं बायकोला कधी विचारलं नाही. घरी करमत नाही म्हणून दोन दिवसांत पुढचं भाडं धरायचो. थोरल्याला टायफॉईड झाला होता, त्याला हिनं एकटीनं दवाखान्यात काढला, हे मला पुढं तीन वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत मेहुण्याकडनं समजलं. घास तसाच तोंडात राहिला.

असो. गाडीकडं वळू. पाऊस तोंडावर आलाय.

तुमची गल्ली नाल्याच्या अंगाची. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका, हे तुला पाठ असेल. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 च्या वर गेलं होतं नि शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. नदी तुमच्या दारात येत नाही, फुगीनं नाला येतो, आणि तो रात्री येतो. म्हणून पंचवीस-तीस फुटांची बातमी आली की गाडी माझ्या शेडवर आणून लाव, जागा ठेवलीय. तोवर पाण्याची टाकी पूर्ण रिकामी कर, नळ उघडे राहू देत. डिझेल मात्र फुल ठेव, रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी धरतं. गादी उभी करून ठेव, नाहीतर खालच्या प्लायला बुरशी येते. वरनं ताडपत्री आवळून बांधू नकोस, आत घाम सुटतो. हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवलास तर ब्रेकचा लायनर ड्रमला चिकटेल. गिअरमध्ये ठेव आणि चाकांना लाकडी ठोकळे लाव. आतली लिथियम बॅटरी अर्ध्यावर आणून लोड काढून टाक. पुढची इंजिनची बॅटरी मात्र साधी आहे, ती भरलेली लागते. मीटरवर बारा व्होल्टच्या खाली दिसली तर चार्जिंगला लावायला उशीर झालाय म्हणून समज.

विकायचं म्हणतेस ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. आठ दिवसांपूर्वी परत ऑक्टोबरात ईशान्येकडं निघायचं म्हणत होतीस, तेही सोडून दिलं होतं. दोन्ही बोलणी एकाच झोप न झालेल्या डोक्यातनं आलीत. दसऱ्यापर्यंत कुणाला आकडा सांगू नकोस आणि कुठला रस्ता बघू नकोस. दसऱ्याला गाडीची पूजा करायची आहेच, त्या दिवशी काय ते ठरव. विकलीस तर मला वाईट वाटेल, पण गिऱ्हाईक मीच आणून देईन.

छतावरच्या पंख्याच्या चौकटीतनं ओल येतेय म्हणालीस ना? ते पावसाआधी सील करायला हवं. बुधवारी आमच्याकडं कारागीर नसतो, शेड निवांत असतं. अकराला ये. गाडी बांधताना ड्रायव्हरच्या शेजारची सीट काढा, तिथं कपाट करू म्हणून मागं लागली होतीस आणि मी ऐकलं नव्हतं, आठवतंय? सात महिने तिथं पाण्याचे कॅन नि कांद्याची पिशवी होती, फोटोत बघितलं मी. ती रिकामी कर, पुसून घे आणि येताना आईला तिथं बसवून आण. पट्टा लावायला सांग. रिक्षाची सवय आहे, त्या लावायच्या नाहीत.

तुझा
मिस्त्री