शीर्षकगीतानंतर काय गायचं?

प्रिय पोरी,

परवा डोंबिवलीला तुझ्या कार्यक्रमात मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. मुद्दामच कळवलं नव्हतं, कारण मी समोर दिसले की तू गाणं सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतेस. अभंग फार सुंदर झाला. अंतऱ्यात वरच्या षड्जावर तू नुसती थांबलीस तेव्हा माझ्या शेजारच्या काकूंनी पाण्याची बाटली तोंडापर्यंत नेऊन तशीच धरून ठेवली होती. अभंग संपला आणि मागून आरोळी आली, "मालिकेचं म्हणा!" ते तुझं गाजलेलं शीर्षकगीत तू एकदा म्हटलंस, दोनदा म्हटलंस, तिसऱ्यांदा माईक लोकांपुढे धरलास. तेव्हा तुझा डावा हात पदराचं टोक पिळत होता.

रात्री साडेबाराला तुझा मेसेज आला: 'ताई, मला एवढं एकच येतं असं लोकांना वाटतं का?'

फोनवर दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं हे नाही, म्हणून लिहिते आहे. आधी एका बाईची गोष्ट ऐक.

मॉरीन मॅकगव्हर्न. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या यंगस्टाउनची, जन्म 1949 चा. ऑफिसात सेक्रेटरीचं काम करायची आणि जमेल तिथे लोकगीतं गायची. 1972 च्या डिसेंबरात 'द पोसायडन ॲडव्हेंचर' हा उलटलेल्या जहाजाचा चित्रपट आला. त्यात 'द मॉर्निंग आफ्टर' नावाचं गाणं आहे. पडद्यावर कॅरल लिनलीने ओठ हलवले, आवाज रेने आर्मंडचा होता. मॅकगव्हर्न त्या चित्रपटात कुठेच नाही! रेकॉर्ड कंपनीने तबकडीसाठी तेच गाणं तिच्याकडून वेगळं गाऊन घेतलं. 1973 च्या मार्चमध्ये गाण्याला ऑस्कर मिळालं, मग रेडिओवाल्यांनी तबकडी उचलली, आणि ऑगस्टमध्ये बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. चित्रपटात गायली एक, ओठ हलले दुसरीचे आणि घरोघरी नाव पोचलं तिसरीचं.

रेने आर्मंडचं नाव लिहिताना माझा हात थोडा अडतो. तुझ्या वयाची असताना मी एका मराठी चित्रपटासाठी डमी, म्हणजे नमुन्याचं गाणं, गायले होते. 'तुझाच आवाज ठेवणार आहोत' असं मला सांगितलेलं. पहिल्या दिवशी आईला घेऊन थिएटरात गेले. गाणं सुरू झालं आणि पहिल्याच ओळीत कळलं की आवाज दुसरीचा आहे. माझ्या जागा, माझी श्वासाची खूण, सगळं तसंच. गळा फक्त वेगळा. आईने अंधारात माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यानंतर वर्षभर मी कुठेही गायले नाही. ती माझी मोठी चूक होती. गाणं मुळात चित्रपटाचं होतं आणि मी ते माझं धरून बसले होते. तुझं गाणं गाजलं आणि माझं गेलं, म्हणून दोघींचं दुखणं वेगळं वाटेल. मूळ एकच आहे.

मॅकगव्हर्नच्या वाट्याला 1974 मध्ये 'द टॉवरिंग इन्फर्नो' आला. या वेळी उंच इमारतीला आग. गीतकार-संगीतकार तेच, अल काशा आणि जोएल हर्शहॉर्न. इमारतीच्या उद्घाटनाच्या मेजवानीत ती स्वतः पडद्यावर उभी राहून गाते. त्याही गाण्याला ऑस्कर. मग शिक्का बसला तो बसलाच: संकटाच्या चित्रपटांची गायिका. दोन-तीन वर्षांत त्याच रेकॉर्ड कंपनीशी करार संपला. पहिल्या क्रमांकावर गेलेली ही बाई पुन्हा सेक्रेटरीच्या नोकरीवर रुजू झाली, तीही नाव बदलून.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले होते. आता मला त्यात तिचा पीळ दिसतो. तिने नोकरी धरली, गाणं सोडलं नाही. म्हणून तुला कळकळीने सांगते, बँकेतली नोकरी एवढ्यात सोडू नकोस. ज्या महिन्यात घरभाड्याची काळजी नसते त्या महिन्यात नको ते गाणं नाकारता येतं.

1979 मध्ये तिचं नाव परत वर आलं, आणि बघ कशाने आलं. 'अँजी' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीताने! 'सुपरमॅन'मधल्या प्रेमगीताचीही तिची तबकडी निघाली. चित्रपटात मात्र ते शब्द मार्गो किडर नुसते बोलते. पुढच्या वर्षी 'एअरप्लेन!' या विनोदी चित्रपटात तिने गिटार घेतलेली नन केली. अशाच संकटपटांची त्यात टर उडवली होती. आपल्यावरच्या शिक्क्याकडे एवढ्या मोकळेपणाने बघणारी बाई मला फार आवडते.

पण खरी गोष्ट 1981 ची आहे. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, 'द पायरेट्स ऑफ पेन्झान्स' चालू होतं, गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची 1879 मधली संगीतिका. त्यातली नायिका मेबल आधी गायिका लिंडा रॉनस्टॅट करत होती. पुढे ती भूमिका मॅकगव्हर्नने घेतली. मेबलच्या पहिल्याच गाण्यात आवाज वरच्या सप्तकात असा फिरावा लागतो की तिथे कसलीही लपवाछपवी चालत नाही. आणि ब्रॉडवे म्हणजे आठवड्याला आठ प्रयोग. जिला लोक एका संथ, गोड गाण्यासाठी ओळखत होते तिच्या गळ्यात काय काय आहे ते तिथे कळलं. पुढे 1989 मध्ये 'थ्रीपेनी ऑपेरा' हे संगीत नाटक, अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या गाण्यांचा अल्बम, 2005 मध्ये 'लिटल विमेन' या संगीत नाटकातली आई. पंचवीस वर्षं रंगभूमीने तिला धरून ठेवलं.

आता तुझ्याकडे येते. तुझ्यापुढे दोन नव्या मालिकांची शीर्षकगीतं आहेत, दोघांनाही 'त्याच्यासारखंच' हवंय. आणि ते संगीत नाटक आहे, ज्याचे पैसे कमी आणि दौरे जास्त. तू नाटक घे. दोन गाण्यांपैकी ज्याची चाल खालच्या सुरात आहे तेवढं एक घे. दुसऱ्याला नम्रपणे नाही म्हण.

स्टुडिओत तू मिनिटभर गातेस. ओळ बिघडली तर पंच करतात, म्हणजे तेवढीच पुन्हा गाऊन घेऊन जोडतात, सूर हलला तर मशिनवर सरळ करतात. नाटकात पायऱ्या उतरून येशील, दोन वाक्यं रडून बोलशील आणि लगेच पद उचलशील. तिथे पंच नाही. गोव्यातून आलेल्या ज्योत्स्नाबाई भोळे 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा'मध्ये रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि 1942 मध्ये 'कुलवधू'त 'बोला अमृत बोला' गायल्या. त्यांनाही लोक त्याच पदासाठी हाक मारत असतील, पण त्या भावगीत गात राहिल्या, नाटक करत राहिल्या.

उद्यापासून रियाजाची पद्धत बदल. बसून पाऊण तास झाला की उठायचं आणि घरातल्या घरात चालत तेच पद म्हणायचं. आधी संथ, मग भरभर. श्वास कुठे तुटतो तिथे वहीत पेन्सिलीने रेघ मार. आठवड्याने त्या रेघा कुठे सरकल्या ते मला दाखव. वाक्य बोलून लगेच सूर लावायची सवय कर. 'आई, मी निघते' म्हण आणि त्याच श्वासात षड्ज लाव.

एक कागदाचं काम. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गायकालाही रॉयल्टीचा हक्क आहे. सही करण्याआधी करार घरी आणून नीट वाच. 'तशीच पद्धत असते हो मॅडम' असं कुणी म्हटलं तर तिथे तर अजिबात सही करू नकोस.

आणि तुझं ते गाणं. त्याच्यावर रागावू नकोस गं. 1987 मध्ये मॅकगव्हर्नने नुसत्या पियानोच्या साथीवर अख्खा अल्बम गायला. तू तेच कर. पुढच्या कार्यक्रमात शीर्षकगीत शेवटी ठेवू नकोस, तिसरं घे, म्हणजे मागून कुणी ओरडायच्या आत ते होऊन जाईल. की-बोर्ड नको, ट्रॅक तर नकोच. अर्धा स्वर खाली घे आणि फक्त पेटीवर म्हण. मालिकेत बसावं म्हणून दुसरं कडवं कापलं होतं ना? ते म्हण. डोंबिवलीत तिसऱ्यांदा ओरडणाऱ्या त्या माणसानेही ते ऐकलेलं नाही.

2022 मध्ये मॅकगव्हर्नने स्वतःच जाहीर केलं की तिला अल्झायमरची लक्षणं असणारा मेंदूचा आजार झाला आहे. त्या दिवशी मी तिची गाणी पुन्हा पुन्हा ऐकली. सकाळी चहा करताना ऐकली, दुपारी ऐकली.

रविवारी दहाला ये. नाटकाची संहिता आण, दोन्ही करार आण आणि ते कापलेलं कडवं तुझ्या अक्षरात लिहून आण. पेटीचा भाता दुरुस्त करून आणला आहे.

तुझी,
ताई