कोकणात शेतघर बांधताय? घराचा नकाशा सगळ्यात शेवटी काढा

तुम्ही विचारलंय की दोघंही पुण्यात नोकरीला, चाळिशी जवळ आलीय, कोकणात एखादा एकर घेऊन फार्महाऊस बांधायचं मनात आहे, तर ज्यांनी बांधलंय त्यांनी सुरुवात कुठून केली, पैसा नेमका कुठे गेला आणि कर्ज मिळालं का?

आम्ही दापोली तालुक्यात बांधलं, समुद्रापासून बरंच आत, डोंगरउतारावर. नवऱ्याचं गाव सातारा जिल्ह्यात, माझं माहेर ठाण्याचं. म्हणजे कोकणात ना वाडवडिलांची जागा, ना भावकी. तुमचंही तसंच असेल तर माझं उत्तर कामाला येईल. गावात घर असलेल्यांचं गणित वेगळं असतं.

पैशाचं आधी सांगते. जमिनीची किंमत सोडली तर आमचा निम्म्याहून जास्त पैसा फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींत गेला: विहीर, रस्ता, गडगा (म्हणजे दगडी कुंपण) आणि विजेचे खांब. तुमच्याकडे असेल त्यातला घराचा वाटा आधी बाजूला काढू नका, उरेल त्यात घर बसवा.

शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात तुम्ही शेतकरी असावं लागतं. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63. आमच्याकडे सासऱ्यांचा सातबारा होता म्हणून निभावलं. तुमच्या दोघांपैकी कोणाच्याच घरात शेती नसेल तर एजंट काहीही म्हणो, एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट किंवा गावठाणातलं जुनं घर बघा. दुसरं, शेतघराच्या परवानगीला 0.4 हेक्टर, म्हणजे ढोबळमानाने एक एकर, लागतो. रस्त्याकडेला 'दहा गुंठ्यांत फार्महाऊस' असे जे बोर्ड दिसतात, तिथे थांबून विचारपूस जरूर करा, चहाही घ्या, पण टोकन देऊ नका. समुद्र दिसायलाच हवा असेल तर भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे, नियम लागतात, हेही डोक्यात ठेवा.

कोकणातला सातबारा हा वाचायला बसण्याचा प्रकार आहे. आम्हाला आवडलेल्या पहिल्या जागेवर इतकी नावं होती की कागद दुसऱ्या पानावर गेला होता. त्यातले निम्मे मुंबईला, काही वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद नाही. विकणारा काका मात्र ठाम: 'सगळे आपलेच हायत.' आपलेच असतील, पण सही प्रत्येकाची लागते. ती जागा सोडली. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यातला शेराही नीट बघा. 'कलम 43 ला अधीन' असं लिहिलेलं असेल तर ती कुळाला मिळालेली जमीन आहे. मालकी मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम सरकारात भरून विक्रीची वाट मोकळी होते. हे काम विकणाऱ्याने खरेदीखताआधी करायचं, तुम्ही नंतर नाही. आणि हद्द कायम करायची मोजणी भूमी अभिलेखकडून करून घ्या. 'त्या काजूपासून त्या वहाळापर्यंत' (वहाळ म्हणजे ओढा) ही मोजणी नव्हे.

रस्ता. जागेपर्यंत बैलगाडी जात होती म्हणजे तुमचा चिऱ्यांचा, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडांचा, ट्रक जाईल असं होत नाही. वाट नकाशावर आहे का, नसेल तर मधल्या शेतवाल्याकडून रस्त्याचा हक्क लिहून, नोंदवून घ्या. तोंडी शब्द पुढच्या पिढीत टिकत नाही.

आता पाणी. कोकणात जमीन बघायला लोक डिसेंबरात येतात. तेव्हा झाडं हिरवी असतात, वहाळात अजून पाणी असतं, आणि सौदा होतो. तुम्ही मे महिन्यात जा आणि मग परत जुलैत जा. मेमध्ये पाणी किती उरतं ते कळतं, जुलैत पाणी कुठून वाहतं ते कळतं. आमच्या जागेत घरासाठी सगळ्यांना पसंत पडलेला जो सपाट तुकडा होता, तिथून जुलैत घोटाभर पाण्याचा लोंढा जात होता. मग घर वर सरकवलं आणि त्या तुकड्यात आता भात लावतो.

दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तरी एप्रिल-मेत वाड्यांना टँकर लागतो. कारण पायाखालचा जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा सच्छिद्र दगड. तो चाळणीसारखा, पडलेलं पाणी खाली सोडतो. खाली शेडीचा, म्हणजे चिकट पांढरट-जांभळट मातीचा, थर लागला की पाणी त्यावरून उताराच्या दिशेने सरकतं आणि खाली कुठेतरी झऱ्यातून निघून जातं. म्हणून वर कातळावर घराशेजारी विहीर मारायचा हट्ट करू नये. आम्ही पाणाड्यालाही बोलावलं होतं (सासूबाईंचा आग्रह), त्याने हातातला नारळ उभा करून जागा दाखवली ती नेमकी घराच्या मागे. शेजारच्या वाडीतल्या भाऊंनी मात्र मला खाली आंब्याच्या बुंध्यापाशी नेलं. भर मेमध्ये तिथे गवताचा एक पट्टा हिरवा होता आणि त्यात बेडकं होती. म्हणाले, 'वयनी, घर कवापन व्हईल, पयलं ह्ये बगा.' तिथेच खणलं. पाणी वर चढवायला पंप लागतो, वीज गेली की बोंब होते, म्हणून वर टाकी मोठी बांधली. पण मेअखेरही विहिरीत पाणी असतं.

झाडांना पहिली दोन-तीन वर्षं पाणी घालावं लागतं, त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सांगितलेलं जलकुंड करा. चार मीटर लांब, एक रुंद, एक खोल खड्डा, आत प्लास्टिकचं अस्तर, चार हजार लिटर पाणी, वर झाकायला गवत. पावसाळा संपताना भरून ठेवायचं. हापूसची कलमं दहा-दहा मीटरवर लावली तर एकरात चाळीसच्या वर बसत नाहीत, घर-रस्ता वजा करा म्हणजे आकडा आणखी उतरतो. आंब्याच्या उत्पन्नावर घराचा खर्च निघेल असं कोणी सांगत असेल तर हसून विषय बदला. झाडांचा खरा शत्रू वणवा. गवत वाळलं की कोणीतरी लांब कुठेतरी काडी टाकतो आणि आग तुमच्या गडग्यापर्यंत येते. दिवाळीनंतर गडग्याच्या बाहेरून गवत कापून जाळपट्टा घेणं हे दरवर्षीचं काम.

एवढं मार्गी लागल्यावर घराचं काम सोपं गेलं, खरंच. छोटं ठेवलं: ओटी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पश्चिमेला रुंद पडवी. पश्चिमेलाच, कारण पाऊस तिकडून आडवा येतो आणि ती भिंत जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाळतच नाही. जुनी माणसं त्या बाजूला झावळ्यांची झापं बांधायची, आम्ही पडवी दिली आणि वर वळचण लांब ठेवली. भिंती चिऱ्याच्या, बाहेरून गिलावा न करता नुसत्या दरजा भरलेल्या. चिरा मात्र खाणीवर जाऊन स्वतः बघा. वरच्या थरातला घट्ट असतो, खालच्या थरातल्यात पांढऱ्या मातीच्या गाठी असतात आणि पावसात त्या गळून भोकं पडतात. आमचा गवंडी ट्रकमधून उतरलेला चिरा अंगठ्याच्या नखाने खरवडून बघायचा, भुसा निघाला की तो कुंपणाच्या ढिगावर. त्या ढिगातून गडगा झाला, काही वाया गेलं नाही. दारं-खिडक्या आणि वासे एका मोडलेल्या घराचे विकत घेतले. नव्या लाकडापेक्षा स्वस्त आणि वाळवीने जे खायचं ते आधीच खाऊन झालेलं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचं फक्त जोतं उभं होतं. नंतर गेलो तर सुपारीच्या बागा आडव्या, लोकांच्या घरांचे पत्रे दूरच्या आंब्यांत अडकलेले. आमच्या नकाशात मोठं दोनपाखी छप्पर आणि पुढे उंच काचेची त्रिकोणी भिंत होती. नवऱ्याने ते चित्र फार प्रेमाने काढून घेतलं होतं. वादळानंतर गावात फिरून कोणती घरं राहिली ते पाहिलं आणि चौपाखी, बुटकं छप्पर घेतलं. कौलांखाली पत्राही टाकला, कारण वादळ वर्षाआड येईल पण वानरं रोज येतात.

गावाबद्दल एक सांगते. पाया खणण्याआधी गावच्या मानकऱ्यांना बोलावून गाऱ्हाणं घाला. नारळ ठेवून ते देवाला सगळी हकीगत सांगतात, कोण कुठले, काय करताहेत, सांभाळून घे, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय महाराजा' म्हणतात. तुमचा विश्वास असो नसो, त्या दिवशी तुम्ही कोण हे सगळ्या वाडीला कळतं. त्यानंतर आम्हाला मजूर मिळायला अडचण आली नाही, आणि शिमग्यात पालखी आमच्याही अंगणात येते.

कर्जाचं: एनए नसलेल्या शेतजमिनीवरच्या घराला बहुतेक बँका गृहकर्ज देत नाहीत. आम्ही टप्प्याटप्प्याने, बोनस येईल तसं बांधलं. गावठाणापासून 200 मीटरच्या आत जागा मिळाली तर एनए करणं बरंच सोपं जातं, मग कर्जाची दारंही उघडतात.

आणि नोकरी सोडणार नसाल तर पावसाळ्याची सोय आधीच करा. बंद घरात आठ-पंधरा दिवसांत गाद्यांना, चपलांना, देवघराच्या फळीला बुरशी येते. आमच्या किल्ल्या भाऊंच्या बायकोकडे असतात. काकू आठवड्यातून दोनदा दारं उघडतात, मागच्या चुलीवर पाणी तापवून घराला धूर देतात. त्याचे पैसे महिन्याला ठरवून दिलेत. ओळखीवर, फुकट कोणाच्या गळ्यात घालू नका.