मालवणच्या नभोनाट्याची बशी: साल, किंमत आणि साफसफाई

ताई, आजोबांना नभोनाट्यासाठी (रेडिओवरच्या नाटकासाठी) बक्षीस मिळालेल्या, भिंतीवर टांगलेल्या रंगीत बशीचे तुम्ही टाकलेले चारही फोटो मोठे करून पाहिले. बशीवर लिहिलेलं वर्ष, म्हणजे साल, उडालंय तर ती कधीची, मुंबईचा दुकानदार ‘जपानी अँटिक’ म्हणून मागतोय तर द्यावी का, आणि वरचा काळपट थर कसा काढायचा, हे तुमचे प्रश्न. शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई केलीत तर बाकीच्या दोन्हींत राम उरणार नाही. काहीही काढू नका. चिंच नको, लिंबू नको, सोडा नको, भांड्यांची पावडर तर नकोच नको.

कारण दुसऱ्या फोटोत आहे. बशीवर रंगवलेल्या किल्ल्याच्या तटाखाली निळ्या रंगाचा टवका उडालाय आणि आत पांढरी, चकचकीत झिलई जशीच्या तशी दिसतेय. पोर्सेलीनवर रंगवून पुन्हा भट्टीत घातलं, साधारण ७०० ते ८५० अंशांना, तर रंग झिलईत मुरतो. तो झिजतो, फिका होतो, पण असे पापुद्रे सहसा सुटत नाहीत. तुमच्या बशीवर रंग नुसता वर बसलाय. म्हणजे तयार पांढरी बशी घेऊन कुणीतरी डब्यातल्या इनॅमल रंगाने रंगवलीय, आणि माझ्या मते तो हात पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचा आहे. ‘नभोनाट्य’ची शिरोरेघ बघा: ब्रश टेकला तिथे जाड, उचलला तिथे बारीक, आणि ‘भो’च्या मात्रेला दुकानाच्या पाटीवर असतो तसा फराटा. छापील चिकटचित्र असतं तर भिंगाखाली ठिपके दिसले असते. अशा रंगाला पाण्यात भिजवणंसुद्धा धोक्याचं. थिनर लावून ‘खरा रंग आहे का’ बघायचा सल्ला इथे वर कुणीतरी दिलाय, तो कृपा करून विसरा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस्स.

आता मागचा शिक्का. पानांच्या कड्यात ‘एन’ आणि खाली ‘नोरिताके’. या जपानी कंपनीच्या शिक्क्यात पूर्वी ‘एम’ असायचा, ‘एन’ १९५३ पासून आला. म्हणजे कोरी बशी १९५३ नंतरची, एवढंच त्यावरून कळतं. बक्षीस कधी दिलं ते नाही. आपल्याकडे बोटीवर नोकरी केलेल्यांच्या घरी जपानी सेट सापडणं काही नवल नाही. त्यातली एक सुटी बशी बक्षीस देणाऱ्या गावातल्या मंडळाच्या कामी आली असावी, असा माझा अंदाज.

सालाचा खरा धागा पुढच्या बाजूला आहे. ‘रत्नागिरी केंद्र’ आणि त्याखाली ‘मालवण, जि. रत्नागिरी’. रत्नागिरीचं आकाशवाणी केंद्र १९७७ मध्ये सुरू झालं. त्याआधी आपल्याकडे मुंबई ऐकायचे, आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे दिवसा पणजी जास्त स्वच्छ लागायचं. मध्यम लहरींचं तसंच असतं, रात्री लांबचं केंद्र येतं, दिवसा जवळचंच. दुसरं टोक १ मे १९८१ चं, त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि मालवण तिकडे गेलं. तेव्हा बशी १९७७ ते १९८१ मधली. एक-दोन वर्षं पुढे सरकायला जागा ठेवा, कारण पत्ते लिहिणारा हात जिल्हा बदलला म्हणून लगेच बदलत नाही.

मात्र हे बक्षीस आकाशवाणीने दिलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत. आकाशवाणीचं बोधचिन्ह नाही, ‘बहुजन हिताय बहुजन सुखाय’ नाही, केंद्राच्या कुणा अधिकाऱ्याचा हुद्दा नाही. आजोबांचं नभोनाट्य केंद्रावरून लागलं म्हणून गावातल्या मंडळाने कौतुकाने दिलेली ही बशी दिसते. माझ्या लेखी त्यामुळे ती कमी होत नाही, उलट सरकारी ढालीपेक्षा मला हीच जास्त आवडली असती.

दुकानदाराचं म्हणाल तर कायद्याने ‘पुरावस्तू’ व्हायला किमान १०० वर्षं लागतात, १९७२ च्या कायद्यात तसंच आहे. त्यामुळे ‘अँटिक’ हा शब्द त्याने भाव पाडायला वापरला की चढवायला, हे त्यालाच ठाऊक. नुसती नोरिताकेची एकटी बशी म्हणून तिला फारसा भाव नाही. तिचं मोल वरच्या अक्षरांत आहे, आणि ती अक्षरं खरी ठरवणारा कागद सापडला तर ते कितीतरी वाढेल.

तो कागद शोधा. कलाकाराला आकाशवाणीकडून करारपत्र यायचं: कार्यक्रमाचं नाव, प्रसारणाची तारीख-वेळ, मानधन. जुनी माणसं असली पत्रं पासबुकात नाहीतर पोथीत ठेवायची. टेपा महाग असल्यामुळे पुसून पुन्हा वापरल्या जात, तेव्हा त्या नाटकाचा आज उरलेला पुरावा कदाचित हा कागदच असेल. सापडला तर लॅमिनेट करू नका. पावसाळ्यात आत दमट राहिलं की बुरशी धरते आणि मग कागद सुटा होत नाही. आधी दोन्ही बाजूंचे फोटो, मग साध्या कागदी पाकिटात, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात.

बशी भिंतीवरून मात्र आजच उतरवा. तिसऱ्या फोटोत स्प्रिंगच्या तारेला खाऱ्या हवेने गंज चढलाय आणि आकडा नेमका उडालेल्या सालावरच बसलाय. साल तिथेच का उडालं, ते वेगळं सांगायला नको. तार ओढून काढू नका, दोघांनी मिळून बशी उशीवर पालथी ठेवा आणि स्प्रिंग पक्कडीने कापा. मग उजव्या खालच्या कडेला, लाटांच्या रेषेत, जी दोन अक्षरं पुसट दिसतायत त्यांचा तिरप्या उजेडात फोटो टाका. ती पेंटरची सही असावी, आणि मालवणातल्या जुन्या पाट्यांवर तशीच आहे का ते इथले दोघे-तिघे सांगू शकतील.