क्रिटिकल मिनरल्सच्या (उद्योगांना अत्यावश्यक, पण पुरवठा सहज अडू शकतो अशा खनिजांच्या) पुरवठा साखळीत सल्लागार व्हायचं तर भूगर्भशास्त्राची पदवी लागते का? आणि हे लोक दिवसभर नेमकं करतात काय?

पदवी लागत नाही. मी धातुशास्त्र शिकलो, पण कामाला जास्त आली ती एका कारखान्याच्या खरेदी विभागातली नोकरी. माल अडकला की पुरवठादार काय काय कारणं सांगतो, हे तिथे रोज ऐकायला मिळायचं.

आम्ही खाणी बघत फिरतो असं लोकांना वाटतं. क्वचित फिरतोही, पण घोडं अडतं ते बहुतेक वेळा मधल्या टप्प्यावर. कोबाल्टचंच घ्या. जगातला सुमारे 70 टक्के कोबाल्ट काँगोच्या खाणींतून निघतो, पण त्याचं शुद्धीकरण मुख्यतः चीनमध्ये होतं. ग्राहकानं काँगो टाळून दुसऱ्या देशाचा माल घेतला, तरी तो फिरून त्याच कारखान्यांत पोचलेला असू शकतो. म्हणून पुरवठादाराचा पुरवठादार, मग त्याचा पुरवठादार, असं मागे मागे जायचं. दोन-तीन पायऱ्यांनंतर कागद संपतात. पुढे सीमाशुल्काच्या नोंदी चाळायच्या आणि चिकाटीनं फोन करत राहायचं. कंटाळवाणं आहे, पण पैसे त्याचेच मिळतात.

काही धातू तर मुळात जोडउत्पादन असतात. गॅलियम मिळतं ते बॉक्साइट या अॅल्युमिनियमच्या खनिजापासून अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा कच्चा माल) काढताना. त्याचा भाव दुप्पट झाला म्हणून कोणी जास्त बॉक्साइट उपसायला जात नाही. ऑगस्ट 2023 पासून चीननं गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, तेव्हा ‘भाव चढला की माल आपोआप येईल’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

माझीही एकदा झाली आहे. 2022 च्या अखेरीस लिथियमचे भाव शिखरावर होते आणि मी एका ग्राहकाला ठरावीक भावाचा लांब मुदतीचा करार करायला सांगितला. वर्षभरात भाव तीन चतुर्थांशाहून जास्त कोसळले. तो ग्राहक परत आला नाही, आणि मी तेव्हापासून भावाचा अंदाज एका आकड्यात देत नाही.

शिरकावासाठी फास्टमार्केट्स, आर्गस यांसारख्या भाव नोंदवणाऱ्या संस्था चांगल्या. तिथे रोज व्यापाऱ्यांशी बोलावं लागतं. चिनी वाचता आलं तर एमबीएपेक्षा जास्त उपयोग होईल, असं माझं मत.

आणि एकच खनिज निवडून ते खाणीपासून कारखान्यापर्यंत शिका. लिथियमकडे गर्दी आहे, ग्राफाइटकडे नाही. बॅटरीच्या अॅनोडसाठी (ऋण टोकासाठी) नैसर्गिक ग्राफाइटच्या पापुद्र्यांचे बारीक गोळे करावे लागतात आणि त्यात बराच माल वाया जातो, एवढं नीट समजावून सांगणारा उमेदवारही मला मुलाखतीत क्वचितच भेटलाय.